गाडी तेल खात नाही

आमच्या गाडीची चेक इंजिनची लाईट कायम माझ्याच हातात लागायची.

अण्णा महिनाभर गाडी सोलापुरात फिरवायचे. मंडईत जायचे, आईला होटगी रोडच्या मावशीकडे सोडायचे, सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन यायचे. काही व्हायचं नाही. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा सामानासाठी गाडी पुण्याला न्यायचे आणि पुढच्या शनिवारी परत आणायचे. येताना इंदापूर गेलं, सरडेवाडीचा टोल गेला, की टेंभुर्णीच्या आसपास डॅशबोर्डवर तो पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा लागायचा. गाडी तशीच पळत असायची. आवाज नाही, झटका नाही. फक्त दिवा.

"तू चालवलीस की लागते," अण्णा म्हणायचे. "तू दाबतेस गाडी."

मी चिडायचे. मी ऐंशी-नव्वदच्या वर जात नाही. पण प्रत्येक वेळी लाईट माझ्याच हातात लागत असेल, तर भांडणार तरी कशाच्या जोरावर?

या गाडीवर आमच्या घरात आधीच एक भांडण होऊन गेलं होतं. अण्णा एका शाळेत क्लार्क होते. २०१८ला रिटायर झाले आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच्या पैशांनी २०१४ची, ६२ हजार किलोमीटर झालेली पेट्रोल हॅचबॅक घेतली. मी म्हणत होते, सेकंडहँड नको, नवी घेऊ, हप्ता मी भरते. ते म्हणाले, "मला कुणाच्या हप्त्याची गाडी नको." विकणाऱ्याने त्यांना सांगितलेलं एक वाक्य त्यांनी नंतर सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं : "इंजिन एक नंबर. गाडी तेल खात नाही." तीन महिन्यांत एसीचा कॉम्प्रेसर गेला. तेव्हा मी फोनवर म्हणाले, "मी म्हटलं होतं." तीनच शब्द. मी ते लगेच विसरलेसुद्धा.

पहिल्यांदा लाईट लागली डिसेंबर २०२१मध्ये. अण्णांनी गाडी एका बऱ्यापैकी मोठ्या गॅरेजला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०. "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. कंपनीचा घेतला तर ३८ हजार, बाहेरचा साडेअकरा." अण्णांनी मला फोन केला, मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, बाहेरचा टाका, पैसे पाठवते. दोन मिनिटांत पाठवले.

चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ला, पुन्हा तीच लाईट, तोच कोड. गॅरेजवाला म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो, बाहेरचा माल टिकत नाही." मला ते पटलंही. या वेळी कंपनीचा टाकला. ३८ हजार. पैसे पुन्हा माझेच, आणि या वेळी मला थोडं बरंही वाटलं. घरासाठी काहीतरी केल्यासारखं.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. लॉग न वाचता 'फिक्स्ड' लिहून बग बंद करणाऱ्या डेव्हलपरशी मी रोज भांडते. आणि इथे तोच बग दोनदा उघडला, दोनदा बंद झाला, ४९ हजार ५०० रुपये गेले, आणि मी एकदाही विचारलं नाही की हे होतंय कशामुळे. सोलापूर पुण्यापासून अडीचशे किलोमीटर आहे. तिथे जाऊन गॅरेजमध्ये दिवसभर बसण्यापेक्षा पैसे पाठवणं सोपं असतं.

मे २०२४. तिसऱ्यांदा. या वेळी गाडी गॅरेजला न देता मी आठशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल मागवलं. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट असतं, त्यात ते खुपसायचं आणि फोनवर एक ॲप टाकायचं. गॅरेजवाला जे वाचतो, त्यातलं बरंचसं आपल्या फोनवर दिसतं. मग मी चार रात्री वाचत बसले.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या पाईपात, इंजिनच्या जवळ बसवलेला एक डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियम या महागड्या धातूंचा अगदी पातळ थर. इंजिनमधून निघणारा धूर त्या छिद्रांतून जातो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्च होत नाही, तो फक्त प्रक्रिया घडवून आणतो. म्हणजे खरं तर हा डबा गाडीच्या आयुष्याइतका टिकायला हवा.

तो टिकला नाही, तर बहुतेक वेळा कारण त्याच्या बाहेर असतं. हे सुरुवातीपासून माहीत असलेलं आहे. भारतात १९९५च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्याच्याबरोबर शिसं नसलेलं पेट्रोलही आणावं लागलं. कारण शिसं त्या धातूच्या थरावर बसतं आणि डबा निकामी करतं. आता पेट्रोलमध्ये शिसं नाही, पण बाकीचे मारेकरी आहेत. प्लग नीट पेटत नसेल तर कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन तिथे जळतं आणि आतली वीट वितळू शकते. चेक इंजिनची लाईट नुसती न लागता उघडझाप करत असेल, तर ती हेच सांगत असते : आत्ता थांबा. कूलंट गळून जळत असेल तर तोही थर खराब करतो. आणि इंजिन ऑइल जळत असेल, तर त्यात झीज कमी करण्यासाठी घातलेले फॉस्फरस आणि जस्त त्या थरावर जाऊन बसतात. हळूहळू, महिनोन् महिने.

मग गाडीला कळतं कसं? डब्याच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचा व्होल्टेज सतत वरखाली उड्या मारतो, साधारण ०.१ ते ०.९. डबा ठीक असेल तर तो ऑक्सिजन साठवतो-सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सरळ राहते. डबा मेला की मागचा पुढच्यासारखाच उड्या मारायला लागतो. पी०४२०चा अर्थ एवढाच. 'डबा काम करत नाही.' 'डबा बदला' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि 'का' हे तर नाहीच.

लाईट माझ्याच हातात का लागायची, तेही कळलं. ही तपासणी सारखी चालू नसते. इंजिन आणि डबा पूर्ण गरम हवेत, वेग बराच वेळ एकसारखा हवा. सात रस्ता ते मंडई एवढ्या अंतरात ती कधी पूर्णच होत नाही. सोलापूर-पुणे हायवेवर होते. शिवाय एकदा नापास झालं म्हणून लगेच दिवा लागत नाही, सहसा तपासणी लागोपाठ दोनदा नापास व्हावी लागते. जाताना एकदा, येताना दुसऱ्यांदा. म्हणून टेंभुर्णी.

मी हे अण्णांना फोनवर सांगितलं. मला वाटलं ते खूश होतील, किमान हसतील. ते म्हणाले, "म्हणजे सोलापुरात चालवली तर काही त्रास नाही."

"त्रास आहे अण्णा. फक्त दिसत नाही."

"पीयूसी पास आहे."

जूनमध्ये चार दिवस सुट्टी काढून घरी गेले. मोठ्या गॅरेजला जायचं नाही हे ठरलेलं होतं. आईच्या ओळखीतून विजापूर रोडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव कळलं. पत्र्याचं शेड, दोन पोरं, भिंतीवर पान्यांच्या आकाराच्या काळ्या खुणा. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही. अण्णांनी सकाळी लवकर उठून गाडी गरम करून ठेवली होती. मी घरी असले की ते नेहमीच तसं करतात. मी अंघोळ करून येईपर्यंत गाडी गेटबाहेर, चालू, एसी लावलेला. सोलापूरच्या उन्हात हे फार मोठं प्रेम असतं.

मी चाचांना फोनवरचा ग्राफ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला. "मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायलाय. बराबर." मग गाडीखाली वाकून पाईपचे जोड बघितले. कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि सेन्सर फसतो. फट नव्हती. कूलंटची पातळी बरोबर होती.

मला तोवर घाई झाली होती. खरं सांगते, मी इंटरनेटवर आणखी एक गोष्ट वाचली होती. मागच्या सेन्सरखाली एक छोटी नळी बसवतात, तीन-चारशे रुपयांची. सेन्सर धुरापासून थोडा लांब जातो, रेघ सरळ दिसते, लाईट कायमची बंद. मी चाचांना विचारलं, ती बसवता येईल का.

"येईल की," ते म्हणाले. "डबाच काढून सरळ पाईप पण मारता येतो. गाडी पळते. धूर मागच्यांना." आणि मग माझ्याकडे न बघता अण्णांना विचारलं, "अण्णा, महिन्याला तेल किती टाकता?"

"गाडी तेल खात नाही," मीच म्हणाले. पाच वर्षं ऐकलेलं वाक्य होतं, आपोआप आलं.

चाचांनी पोराला प्लग खोलायला सांगितलं. तीन प्लगांची टोकं फिकट तपकिरी होती. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा आणि ओला. चाचांनी तो फडक्यात धरला, बोटाने पुसला, बोट अण्णांसमोर धरलं. काही बोलले नाहीत.

अण्णा स्टुलावर बसले होते. म्हणाले, "अर्धा लिटर. कधी जास्त."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"ती नळी-बिळी नको बसवू," ते मला म्हणाले. "खोटं दाखवायचं तर मीच दाखवतोय की इतकी वर्षं."

घरी जाऊन त्यांनी एक वही आणून दिली. शाळेची, लांब, लाल पुठ्ठ्याची. क्लार्क माणूस. लपवलं, पण नोंद ठेवली. तारीख, किलोमीटर, किती मिली. पहिली नोंद मार्च २०२०, म्हणजे लॉकडाऊनच्या थोडं आधी. तेव्हा तीन हजार किलोमीटरला अर्धा लिटर. मग दोन हजाराला. २०२४मध्ये आठशे किलोमीटरला अर्धा लिटर. सगळं निळ्या पेनाने, सुवाच्य. तेलाचे रिकामे डबे गच्चीवर टाकीमागे गोणीत होते. एकाच दुकानातून घेतलं तर कुणी विचारेल म्हणून तीन वेगळ्या दुकानांतून आणलेले.

ज्या लॉगसाठी मी ऑफिसात भांडते, तो लॉग सव्वाचार वर्षं आमच्या कपाटात होता.

आणि सकाळी गरम करून ठेवलेली गाडी. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केली की पहिला मिनिटभर मागून निळा धूर यायचा. मी उठायच्या आत तो निघून जावा म्हणून ते आधी उठायचे. ते प्रेमही होतंच, असं मी आजही मानते. दोन्ही होतं.

मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? तू म्हणाली होतीस ना."

मला आठवायलाच वेळ लागला, मी काय म्हणाले होते ते.

चाचांनी नंतर जे केलं ते आधी कुणीच केलं नव्हतं, कारण त्याला वेळ लागतो आणि त्यात विकायला पार्ट नसतो. त्यांनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. १६५ ते १७५च्या मधे, चारही जवळपास सारखे. "रिंग चांगल्या आहेत. इंजिन खोलायचं काम नाही." रिंगा गेल्या असत्या तर कॉम्प्रेशन पडलं असतं, आणि प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून पुन्हा मोजलं की आकडा वर आला असता. इथे तसं नव्हतं. मग वही बघितली, सकाळच्या निळ्या धुराबद्दल अण्णांना विचारलं, आणि म्हणाले, व्हॉल्व्हची सील. वरच्या बाजूचं तेल खाली सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची टोपी असते. दहा वर्षांच्या उष्णतेने ती कडक होते. गाडी उभी असली की तेल थेंबथेंब उतरतं आणि सकाळी जळतं. ते जळून डब्यात जायचं, आणि तिसऱ्या प्लगला ओला करून मधूनच त्याचा एखादा ठोकाही चुकवायचं.

सोळा सील. इंजिनचं हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवून, चाचांनी आणि एका पोराने दोन दिवसांत बदलली. सील, पॅकिंग, चार प्लग, नवं तेल, मजुरी, सगळं मिळून ९ हजार २०० रुपये.

डबा मात्र परत जिवंत झाला नाही. थरावर बसलेलं फॉस्फरस धुऊन जात नाही. पण चाचांनी लगेच बदलू दिला नाही. "हजार किलोमीटर चालवा. तेलाची वही लिहा. मग बोलू." अण्णांनी लिहिली. हजार किलोमीटरला डिपस्टिकवर फरक जेमतेम दिसत होता. सप्टेंबरमध्ये तिसरा आणि, आशा आहे, शेवटचा डबा टाकला. पैसे अण्णांनी दिले. मी पाठवते म्हणाले, तर म्हणाले, "तू चार दिवस आलीस ना."

काढलेला जुना डबा चाचांनी गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवला. "हे तुमचं आहे. यातल्या धातूला भंगारात भाव असतो. कुणी जुना पार्ट परत दिला नाही तर मागून घ्यायचा." आधीचे दोन कुठे गेले, हे आम्ही त्या मोठ्या गॅरेजला कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

तुमच्याकडे ही लाईट लागली असेल, तर कोड वाचा, पण तिथे थांबू नका. कोड फक्त पुसून गाडी परत देणाऱ्याला पैसे देऊ नका, काही ट्रिपांनी ती परत लागते. डबा बदलायच्या आधी तेल, प्लग, कूलंट आणि पाईपचे जोड बघायला लावा. थंड इंजिनवर डिपस्टिक बघा, आकडा लिहा, हजार किलोमीटरने पुन्हा बघा. याला काहीच खर्च नाही. आणि गाडी रोज जो चालवतो, त्याला नीट विचारा. अशा पद्धतीने, की त्याला खरं सांगता येईल. चाचांनी 'गाडी तेल खाते का' असं विचारलं नाही. 'किती टाकता' असं विचारलं. मी पाच वर्षांत दोन्हीपैकी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी सहा वेळा पुण्याला जाऊन-येऊन केलंय. टेंभुर्णी आली की अजून माझी नजर डॅशबोर्डवर जाते. दिवा लागलेला नाही.

आता मी घरी असले की अण्णा सकाळी गाडी चालू करून ठेवत नाहीत. बॉनेट उघडून ठेवतात आणि खालून हाक मारतात, "फडकं घेऊन ये गं." मी जाते. डिपस्टिक काढते, पुसते, परत घालते, काढते. ते आकडा विचारतात आणि वहीत लिहितात.